चोळीचं माप दोन इंच कमी

ताई, तुम्ही लिहिलेलं दोनदा वाचलं. मुलगी साडेचौदा वर्षांची, नववीत. आषाढात शेजारच्या गुजराती मैत्रिणींबरोबर तिनंही मोळाकतचं व्रत केलं, पाच दिवस अळणी खाल्लं. काट्यावर दीड किलो कमी दिसलं आणि तेव्हापासून पोळी-भात बंद. डबा अर्धा परत येतो. गरब्याची चणियाचोळी शिवायला टाकली, तेव्हा तिनं टेलरला कंबरेचं आणि दंडाचं माप दोन-दोन इंच कमी लिहायला लावलं, 'नवरात्रीपर्यंत तेवढी होते मी' म्हणून. रात्री फोनवर त्याच त्या मुलींचे व्हिडिओ बघते, स्वतःचे फोटो काढते आणि पुसून टाकते. एवढं सगळं सांगून शेवटच्या ओळीत तुम्ही विचारलंत, फोन काढून घेऊ का?

मी बडोद्यात एकवीस वर्षं समुपदेशन करते, त्यातली बरीचशी शाळकरी मुलींबरोबर. राखीपौर्णिमा ते घटस्थापना हा माझा हंगाम. जिमवाल्यांचाही तोच असतो, हे मी गमतीनं म्हणत नाही. म्हणून तुमची मुलगी न बघताही मला ती थोडीफार दिसते. फोनचं उत्तर देणार आहे, पण तो प्रश्न माझ्या लेखी तिसरा. पहिला असा की तिच्या पोटात दिवसभरात जातं किती आणि तिची पाळी वेळेवर येते का. याबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलेलं नाही. दुसरा असा की 'दोन इंच' हा आकडा तिच्या डोक्यात आला कुठून.

आधी त्या दीड किलोचं सांगते, कारण सगळं तिथून सुरू झालंय. मीठ बंद केलं की शरीर धरून ठेवलेलं पाणी सोडतं. पाच दिवसांत उतरलं ते बहुतेक पाणीच. सहाव्या दिवशी मीठ पोटात गेलं, पाणी परत आलं, काटा वर गेला. चौदा वर्षांच्या पोरीला त्यातून काय कळतं? 'मी खाल्लं की लगेच जाडी होते.' व्रताला दोष देऊ नका, आज्यांनी ते वजनासाठी सांगितलेलं नव्हतं. पण तिला हे पाण्याचं गणित समजावून सांगा. शास्त्राचा विषय आवडणाऱ्या मुली हे चटकन ऐकतात, असा माझा अनुभव आहे.

आता वयाचं. दहा ते सोळा या वर्षांत मुलीच्या मांड्या, कंबर, दंड भरतात. ती वाढच आहे. पाळी सुरू व्हायला आणि सुरू राहायला अंगावर चरबी लागते. पहिली पाळी आल्यानंतर उंची साधारण ५ ते ७ सेंटिमीटरच वाढते, वजन मात्र पुढेही वाढत राहतं. त्यामुळे आठवी-नववीत बऱ्याच मुलींना आपण 'आडव्या' होतोय असं वाटतं. हाडांचा बहुतेक साठाही अठराव्या वर्षापर्यंतच भरून होतो. या दोन-तीन वर्षांत उपाशी राहिलेल्या मुलीची भरपाई पुढे पूर्ण होत नाही.

मी डॉक्टर नाही, म्हणून माझ्याकडे अशी मुलगी आली की मी तिला आधी बालरोगतज्ज्ञांकडे पाठवते. त्यांना सांगा की भारतीय बालरोग अकादमीच्या २०१५ च्या वाढीच्या तक्त्यावर हिच्या उंची-वजनाचे ठिपके मांडून द्या. शाळेच्या जुन्या आरोग्यपत्रिका असतील तर घेऊन जा. आजचा एकटा आकडा फारसं सांगत नाही. मुलगी वर्षानुवर्षं ज्या रेषेच्या आसपास वाढत आली ती रेष सोडून झपाट्यानं खाली आली असेल, तर ती काळजीची गोष्ट, मग ती दिसायला अजून गुबगुबीत का असेना. त्याच वेळी हिमोग्लोबिन आणि थायरॉइडही बघतील. काही मुलींचं वजन खरंच आजारामुळे वाढलेलं असतं, पाळीची गडबडही त्यातलीच असते. अशा मुलीला आरशाबद्दल उपदेश करत बसणं अन्याय आहे, तिला औषध हवं.

काही खुणा दिसल्या तर माझं पुढचं लिहिणं बाजूला ठेवून सरळ डॉक्टर गाठा. पाळी तीन महिने आलेली नाही. जेवण झालं की लगेच बाथरूममध्ये जाते आणि नळ सोडून ठेवते. उभी राहिली की चक्कर येते. उकाड्यातही हातपाय गार पडतात, केस मूठमूठ गळतात. रात्री दार लावून व्यायाम करते. आणि जगण्याचाच कंटाळा आल्यासारखं काही बोलली, तर त्याच दिवशी. सयाजी हॉस्पिटलमध्ये मानसोपचार विभाग आहे, टेलि-मानस या सरकारी मदतसेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास फुकट बोलता येतं. 'वयाचं आहे, होईल ठीक' असं म्हणण्यात घालवलेले दोन महिने नंतर फार महाग पडतात. न खाण्याचा आजार मनाच्या सगळ्या आजारांत सर्वांत जिवावर बेतणाऱ्यांपैकी आहे.

यातलं काही नाही असं धरून पुढे लिहिते.

दोन इंच आले कुठून? पडद्यावरून आले, हे तर खरंच. फिजी बेटांवरच्या नाड्रोगा प्रांतात १९९५ साली टीव्ही आला. अ‍ॅन बेकर या अमेरिकी संशोधकांनी तो आल्या आल्या तिथल्या शाळकरी मुलींना काही प्रश्न विचारले आणि १९९८ मध्ये तेवढ्याच वयाच्या मुलींना तेच पुन्हा विचारले. पहिल्या खेपेला वजनासाठी मुद्दाम उलटी काढणारी एकही मुलगी नव्हती, तीन वर्षांनी ११.३ टक्के होत्या. दोन्ही वेळी मुली साठ-पासष्टच, म्हणजे अभ्यास लहान. पण तिथे भरल्या अंगाची बाई म्हणजे नीट पोसलेली, चांगल्या घरची, अशी समजूत होती, आणि तीन वर्षांत तिला तडा गेला. हे वाचलं तेव्हा मला आपलं 'बाळसं' आठवलं होतं. बाळ गुटगुटीत असलं की आपण तीट लावतो. तीच मुलगी बारा वर्षांची झाली की तिच्याच गालांवर बोट ठेवून म्हणतो, जरा कमी कर हो.

टीव्हीवरची बाई निदान दूरची होती. १९५४ साली लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञानं मांडलं होतं की माणूस स्वतःचं मोजमाप दुसऱ्याशी ताडून करतो आणि त्यासाठी आपल्यासारखाच कुणीतरी निवडतो. तुमच्या मुलीच्या फोनवर नटी कमी आणि बडोद्यातलीच, कारेलीबागेतली, मांजलपूरची, तिच्याच वयाची मुलगी जास्त असते. तीच चणियाचोळी, तोच गरबा, फक्त कंबर फिल्टरनं बारीक केलेली आणि कातडी गुळगुळीत केलेली. नटीबद्दल 'ती नटी आहे' म्हणून सोडून देता येतं, वर्गातल्या मुलीबद्दल काय म्हणणार? २०२१ मध्ये फ्रान्सिस हॉगन यांनी फेसबुक कंपनीतले कागद बाहेर आणले. स्वतःच्या शरीराबद्दल आधीच वाईट वाटत असताना इन्स्टाग्राम बघून ते आणखी वाढतं, असं ३२ टक्के मुली सांगतात, हे कंपनीच्याच पाहणीत नोंदलेलं होतं.

आणि कॅमेराही सरळ नसतो. माझ्या खोलीत मी मुलींबरोबर एक प्रयोग करते, तुम्हीही करून बघा. फरशा दोन फुटी आहेत. आधी मुलीनं हातातल्या फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यानं, वीतभर अंतरावरून स्वतःचा फोटो काढायचा. मग ती भिंतीशी उभी राहते आणि मी अडीच फरशा मागे जाऊन मागच्या कॅमेऱ्यानं काढते. दोन्ही फोटोंत चेहरा सारख्याच आकाराचा करून शेजारी ठेवायचे. नाक वेगळं दिसतं, गाल वेगळे, कानही वेगळे. २०१८ साली हे मोजून प्रसिद्ध झालंय : ३० सेंटिमीटरवरून काढलेल्या फोटोत दीड मीटरवरच्या फोटोपेक्षा नाक जवळजवळ ३० टक्के रुंद दिसतं. नाकाच्या ऑपरेशनची चौकशी करणारी अकरावीतली एक मुलगी ते दोन फोटो बराच वेळ बघत बसली आणि मग चिडून म्हणाली, "मग खरं कुठलं?" मी म्हटलं, लोक तुला पाच फुटांवरूनच बघतात. ती काही लगेच खूश होऊन गेली नाही. पण ऑपरेशनचा विषय पुढे महिनाभर निघाला नाही.

आता जरा आडवाटेनं जाते. आपल्या लक्ष्मीविलास राजवाड्यातली राजा रविवर्म्याची चित्रं तिला एकदा दाखवून आणा. तिसऱ्या सयाजीरावांनी त्याच्याकडून १४ पौराणिक चित्रं करवून घेतली होती. पुढे १८९४ मध्ये रविवर्म्यानं मुंबईला छापखाना काढला आणि त्याच्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरच्या भिंतींवर गेल्या. त्या काळचं ते माध्यमच होतं. त्या बायकांचे दंड बघा, हनुवटीखालचा मांसल गळा बघा. आज त्यातली एकही तुमच्या मुलीच्या मते गरब्याला जाण्याजोगी ठरणार नाही. अंगाचं माप शंभर-सव्वाशे वर्षांत उलटंपालटं झालं. रंगाचं मात्र झालं नाही, त्या गोऱ्याच आहेत. गोरेपणाची ती प्रसिद्ध क्रीम १९७५ साली आली आणि २०२० मध्ये नावातला 'फेअर' काढून 'ग्लो' घातला, डबी तीच. मुलगी मैत्रिणीनं दिलेलं बिननावाचं, 'आठ दिवसांत उजळ' वगैरे काही लावत असेल, तर त्याकडे आधी बघा. अशा क्रीममध्ये पुष्कळदा स्टेरॉइड असतं. त्यानं चेहरा सुरुवातीला उजळतो, मग लाल होतो, कातडी पातळ पडते, मुरमं येतात आणि बंद केलं की भडकतात. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवूनच थांबवा.

हे झालं बाहेरचं. पण ताई, माझ्याकडे येणाऱ्या मुलींना मी जेव्हा विचारते की तुझ्या शरीराबद्दलचं पहिलं वाक्य तुला कुणाचं आठवतं, तेव्हा फोनचं नाव क्वचित निघतं. मामी. आजी. मोठा भाऊ. "आत्यावर गेलीय, अंगानं." "उन्हात हिंडू नको, आधीच सावळी आहेस." गुजरातीत 'जाडी' आणि मराठीतही 'जाडी', त्यामुळे बडोद्यातल्या मुलीला दोन्ही भाषांत एकच शब्द ऐकू येतो. नाकीडोळी नीटस, गोरी, सडपातळ हे शब्द इन्स्टाग्रामनं शोधलेले नाहीत, ते आपल्या लग्नाच्या जाहिरातींत कायम होते. पडद्यावर हजार कंबरा दिसतात, पण त्यातली एक मनात रुतते ती बहुतेक घरातल्या एखाद्या वाक्याच्या आधारानं.

माझंही एक वाक्य आहे. मुलगी बारा वर्षांची असताना नात्यातल्या लग्नाला निघालो होतो. ती बिनबाह्यांचा फ्रॉक घालून आली आणि मी, हे काम करणारी बाई, म्हणाले, "बाह्यांचा घाल गं, दंड झाकतील." ती आत जाऊन बदलून आली. मी विसरलेही. ती तेवीस वर्षांची झाली तेव्हा बोलता बोलता तिनं मला तो दिवस सांगितला, फ्रॉकच्या रंगासकट. मधल्या अकरा वर्षांत तिनं एकदाही बिनबाह्यांचं काही घातलं नव्हतं, आणि मला वाटायचं की तिला आवडत नाही.

म्हणून तुमच्या घरात दंडाबद्दल कोण काय बोललंय, ते आठवा. दोषी शोधायला सांगत नाही. तुम्ही स्वतः आरशासमोर स्वतःच्या पोटाबद्दल काय पुटपुटता, तेही त्यात धरा, मुली तेच आधी उचलतात. २०१३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात असं दिसलं होतं की आईवडील वजनाबद्दल बोलत, त्या घरांतल्या मुलांमध्ये उपाशी राहणं, अघोरी डाएट करणं जास्त होतं. चांगल्या खाण्याबद्दल बोलत, तिथे ते कमी होतं. माझ्याकडच्या घरांतही हेच दिसतं. वजन, जाड, बारीक हे शब्द घरातून निदान नवरात्रीपर्यंत बंद करा. वडिलांनीही, भावानंही, थट्टेतसुद्धा नाही. सासूबाईंना सांगणं अवघड जाईल, ठाऊक आहे. त्यांना 'बोलू नका' म्हणण्यापेक्षा काम द्या. रात्रीचं एक जेवण सगळ्यांनी एकत्र करायचं आणि नातीला वाढायचं काम आजीचं. पानात काय उरलं यावर कुणी बोलायचं नाही, विषय दुसरा काढायचा.

तिला 'तू सुंदरच आहेस' असंही म्हणू नका. म्हणजे मनापासून वाटेल तेव्हा म्हणा, पण औषध म्हणून नको. 'आई आहे म्हणून म्हणतेय' हे तिला ठाऊक असतं, शिवाय बोलणं पुन्हा दिसण्यावरच येऊन थांबतं. त्यापेक्षा तिच्या शेजारी बसा आणि ती बघते ते व्हिडिओ अर्धा तास तुम्हीही बघा. टीका न करता. "हिनं फोटो कुठल्या कोनातून काढला असेल?" "ही काय विकतेय?" एवढंच विचारा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तीच सांगायला लागेल की ही मुलगी पोट आत ओढून उभी आहे म्हणून.

आता फोन. हिसकावून घेऊ नका. हिसकावलेला फोन मैत्रिणीच्या फोनमधून परत येतो, आणि त्यानंतर ती तुम्हाला काही दाखवत नाही. पण मोकळाही सोडू नका. २०२३ मध्ये कॅनडातल्या एका प्रयोगात १७ ते २५ वयाच्या तरुणांनी तीन आठवडे समाजमाध्यमं दिवसाला एका तासावर आणली, आणि स्वतःच्या दिसण्याबद्दल व वजनाबद्दल त्यांना आधीपेक्षा बरं वाटू लागलं. तुमची मुलगी त्याहून लहान आहे, तरी एक तास हा आकडा धरून चालायला हरकत नाही. रात्री दहानंतर सगळ्यांचे फोन दिवाणखान्यात चार्जिंगला, वडिलांचाही. मग एका रविवारी दोघी मिळून तिची यादी चाळा. जे बघून झाल्यावर वाईट वाटतं ते तिनंच काढायचं, तुम्ही बोट ठेवायचं नाही. उपाशी कसं राहायचं, उलटी कशी काढायची हे शिकवणारं काही सापडलं, तर तिथे मात्र मत विचारत बसू नका, ते त्याच क्षणी बंद करा आणि डॉक्टरांना सांगा.

एक शक्यता राहिली. क्लासमध्ये किंवा बसमध्ये कुणी तिला काही म्हणत असेल, तिच्या फोटोवर काही लिहीत असेल, तर वरचं सगळं अपुरं पडेल. तो मामला शाळेत जाऊन मिटवायचा असतो. हे विचारायला स्कूटरवर मागे बसवून कमाटीबागेपर्यंत न्या. समोरासमोर न बसता मुली जास्त बोलतात.

गरब्याला तिनं जावंच. तिला घरी बसवलंत तर दंड लपवायचे असतात हेच शिकवल्यासारखं होईल. पण तीन-चार तास फिरायचं तर पोटात काही हवं. दर वर्षी तिसऱ्या-चौथ्या रात्री मैदानावर मुली चक्कर येऊन बसतात, त्यातल्या कितीतरींनी सकाळपासून काकडी आणि लिंबूपाणी एवढंच घेतलेलं असतं. सात वाजता वरणभात किंवा थालीपीठ-दही, पिशवीत शेंगदाणे-गूळ आणि पाण्याची बाटली. नऊ दिवसांचे उपास तिनं मागितले, तर यंदा नको. इथे आजीचा उपयोग करा. "तुझे यंदाचे उपास मी धरते" असं आजीनं म्हटलं की मुलीला देवीशी वाद घालता येत नाही.

आणि टेलरकडे याच आठवड्यात जा, दीड महिना राहिलाय. आधी एकट्या जाऊन त्याला सांगून ठेवा की माप घेताना आकडा मोठ्यानं म्हणायचा नाही, वहीत लिहायचा. मग तिला घेऊन जा. आज जशी आहे तशीच चोळी शिवायची. कमी मापाची बेतून झाली असेल, तर कापड वाया गेलं म्हणून बोलू नका, दुसरं घ्या. आणि कंबरेला, दंडाला आतून दोन-दोन इंच माया सोडायला सांगा, म्हणजे पुढच्या नवरात्रीला तीच चोळी उसवून बसेल.